विहीणबाईंची कादंबरी आणि शेवटची बांधी

आमच्या विहीणबाईंनी जितकी माणसं जंगलात हरवली, विहिरीत लोटली आणि लग्नाच्या मांडवातून पळवली, तितकी या दोन जिल्ह्यांत आजवर कुणी हरवली, लोटली, पळवली नसतील. बाई स्वतः मात्र पायाखाली मुंगी आली तरी हळहळणाऱ्या. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मला सांगितलं, की पोरीची आई आरमोरीकडची, अंगणवाडीत होती, स्वभावानं गरीब. ती प्रेमाच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्या लिहिते, हे कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी मी सोयरीक मोडली नसती, पण त्यांच्यापुढे तोंड जरा आवरून उघडलं असतं.

कारण बाईंचा एक नियम आहे. न घडलेलं लिहायचं नाही. आमचे व्याही त्यांना पाहायला गेले तेव्हा घर चुकले आणि शेजाऱ्याकडे पोटभर पोहे खाऊन बसले. शेजाऱ्याला वाटलं, आपल्याच पोरीला पाहायला आले, म्हणून त्यानं उठू दिलं नाही. एवढीच गोष्ट. पण पहिल्या कादंबरीत नायक दुश्मनाच्या वाड्यात कोंडलेला आहे आणि दुश्मन त्याला पोह्यांवर पोहे चारतो. पुढं एका नायकाला तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात लपवायचं होतं. आत श्वास घेता येतो की नाही हे माहीत नव्हतं, म्हणून बाईंनी व्याह्यांनाच ढिगात बसवलं. तेवढ्यात पाहुणे आले, चहा झाला, गावभरच्या गप्पा झाल्या, आणि व्याही आतच. बाहेर आले ते म्हणाले, "श्वास घेता येते, पण खाज लई सुटते." ती खाजही पुस्तकात आली. नायक नायिकेला छातीशी धरतो आणि मग दोघंही खाजवत बसतात, असा प्रसंग मी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात वाचला नाही. तशी मी पुस्तकंच वाचत नाही, चौथीत शाळा सुटली. पण यांची सगळी वाचली. चंद्रपूरच्या एका छापखान्यात ती छापून निघतात आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जत्रेत बाई स्वतः पाल टाकून विकतात. कुणी शेवटचं पान उघडलं, की हातावर चापट मारतात.

लिहिण्याच्या आधी गोष्ट बायांना ऐकवायची, ही दुसरी खोड. त्यासाठी त्यांनी जागा निवडली आहे भाताच्या रोवणीची. दरसाल पाऊस धरला की त्या लेकीला मदत म्हणून आमच्या गावी, पोंभुर्ण्याकडे येतात. बाया ओळीनं वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत मागं मागं सरकतात आणि विहीणबाई त्यांच्यातच वाकून गोष्ट सांगतात. एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर, लावून होत आली की नायक नेमका दरीच्या काठावर लोंबकळतो. "पुढचं पुढच्या बांधीत," म्हणून बाई कंबर सरळ करतात. बाया शिव्या देतात आणि धावत पुढच्या बांधीत उतरतात. आमची रोवणी गावात सगळ्यांच्या आधी संपते ती अशी. शेजारचा शेतमालक एकदा मला म्हणाला, "भाऊ, तुमची ईन आमच्याकडं एक दिवस धाडा ना जी." मी म्हटलं, "गोष्ट अर्धवट आहे. माझ्या बाया मले मारतील."

रोवणीत बायांनी माना हलवल्या, की मगच हिवाळ्यात ती गोष्ट कागदावर उतरते. बायांपर्यंत न पोचलेली ओळ बाई लिहीत नाहीत.

माझी बायको आणि विहीणबाई दोघींचं फार जमायचं. इतकं, की आमच्या लग्नाआधीची अस्वलाची गोष्ट तिनंच त्यांना हसत हसत सांगून टाकली. आमचं आणि तिच्या बापाचं मोहाचं झाड जंगलात शेजारी शेजारी. मोह पहाटे गळतो, म्हणून उजाडता उजाडता वेचायला जायचं. मी थंडीनं काळी घोंगडी पांघरून ओणवा झालो होतो. मोहावर अस्वलं येतातच, आणि तिला वाटलं अस्वलच. आधी तिनं पत्र्याचा डबा बडवला. मी हललो नाही, कारण मला वाटलं, ती खरं अस्वल हाकलते आहे, आपण हललो तर ते आपल्याकडे येईल. मग तिनं डबाच फेकून मारला. कपाळ फुटलं. झाडामागून ती विचारते, "मेलं का अस्वल?"

मी म्हटलं, "अजून नाई."

पुढल्या साली लग्न झालं. खूण अजून कपाळावर आहे. बायको मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेली.

त्यानंतरच्या रोवणीला आल्यावर विहीणबाईंनी विचारलं, "भाऊ, ते अस्वलाची गोष्ट घेऊ का जी?" मी म्हटलं, घ्या. वाटलं, बाया हसतील, वावरात तिचं नाव निघाल्यासारखं होईल. पहिल्या बांधीत हसल्याही खूप. पण रहस्याशिवाय बाईंचं पान हलत नाही. नायिकेचं नाव कुंदा. डबा झाला, कपाळ झालं, लग्न झालं, आणि एका सकाळी कुंदा मोह वेचायला गेली ती परतच आली नाही. झाडाखाली नुसता डबा पडलेला.

बायांचे हात नुसते पळू लागले. एक म्हणे, "वाघानं नेली." दुसरी म्हणे, "वाघ काऊन नेईन वं, तो ठेकेदार होता ना तिच्यावर डोळा ठेवून!" मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहाची किटली घेऊन उभा. किटली खाली ठेवायचं सुचेना.

दुपारी भाकरीच्या वेळी मी विहीणबाईंना बाजूला गाठलं. "कुंदेचं काय करता जी?"

"नाई ठरलं अजून. शेवट वावरातल्या मोहाजवळच्या बांधीत. बाया म्हणतात मरू द्या, रडाले भेटते. मरलेली नायिका मनात राहते भाऊ."

"मनात राहते ते मले शिकवू नोका. एकदा पोचवून आलो मी तिले. आता माझ्याच वावरात परत नोका मारू."

बाईंनी हातातला घास परत ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "अन् घरी आणली तर?"

कुंदा डबा घेऊन दारात उभी राहिली, हे मी वावरात ऐकायचं आणि संध्याकाळी माझ्या रिकाम्या दारात यायचं. तेही जमणारं नव्हतं.

एकच बांधी राहिली. मोहाच्या झाडाजवळची, लहानशी. बाया पदर खोचून उतरायला निघाल्या, आणि मी म्हटलं, "राहू द्या. पऱ्हे सरले."

"अवो भाऊ, ते काय तुमच्या मागं पडले आहेत!"

होतेच. पऱ्ह्याच्या जुड्या धुऱ्यावर माझ्या पायाशीच, पोपटासारख्या हिरव्या. विहीणबाईंनी जुड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिखलाचे हात धुऊ लागल्या. "ते पिवळे पडले वं. नाई लागत. चला घरी."

बायांनी आम्हा दोघांचा उद्धार केला. एक तर म्हणाली, "म्हातारा म्हातारी दोघंई पागल!" घरी पोरगा तापला, "बाबा, चांगली बांधी काऊन सोडली?" विहीणबाई चुलीजवळून म्हणाल्या, "तिथी पाणी थांबत नाई जी." पाणी त्या बांधीत पोटरीएवढं होतं. बगळे उभे होते.

हिवाळ्यात बाईंनी दुसरीच गोष्ट छापली, तणसाचीच कुठलीशी, व्याह्यांना पुन्हा खाजवायला लावलं. कुंदेची कादंबरी तिथंच थांबली आहे. जत्रेत आमच्या गावच्या बाया भेटल्या की विचारतात, आणि विहीणबाई सांगतात, "भाऊची बांधी राह्यली ना." मधून मधून मला फोन करतात.

"बांधी कशी आहे?"

"आहे तशीच."

"राहू द्या मग."

आता मोह गळायला लागला आहे. मी पहाटे उठून त्या बांधीजवळच्या झाडाखाली जातो. थंडी काही उरलेली नाही, तरी काळी घोंगडी पांघरतो आणि ओणवा होऊन वेचत राहतो.