आडव्या बाटलीचा वास

दोन वर्षं आमच्या शिरगावात बोललं जात होतं, की कमलाकांत तांडेलांनी गळ्यात माळ घातली आणि बाटली सोडली. ही बातमी पसरवण्यात माझाही हात होता, कबूल करतो. खरं काय ते त्यांच्या बायकोने, जमनावहिनीने, बोंबील सुकत घालता घालता सांगितलं: तापानंतर दादांचं नाकच गेलं होतं. चुलीवर कालवण करपलं तरी त्यांना पत्ता नसे.

आणि दादांची सगळी पत त्या नाकावर. तीस वर्षं ते परदेशी बोटींवर बार सांभाळत होते. दारू किती जुनी, कुठल्या पिंपात मुरली, हे नुसत्या वासावर सांगायचे. कप्तानसुद्धा आधी त्यांना हुंगायला लावायचा.

गेल्या रविवारी पुतण्या भावेश बोटीवरून आला तो स्पेनच्या शेरी वाइनच्या पिंपात पंचवीस वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की घेऊन. नाकाचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी अंगणात चहा घेत होतो; तिथेच बूच काढून त्याने दादांपुढे पेला केला. "काका, सांगा कशी हाय."

वहिनी उंबऱ्यात थबकली. दादांनी पेला नाकाशी नेला. "मनुका, अक्रोड, जुनं लाकूड."

"दादा, हे तर खोक्यावर छापलंय!" माझी मेली जीभ. दादांचा चेहरा उतरला.

त्यांनी चार थेंब पाणी टाकलं, पेला तळहाताने झाकला आणि बसून राहिले. माझा चहा निवला. मग पुन्हा हुंगलं, एक घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले. हळूहळू बोलू लागले: स्पेनचं बंदर, कोठारात माणसाहून उंच पिंपं, आणि आत शिरताच आईने पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंसारखा वास. बोलता बोलता दचकले.

"ओलं बूच! भावेश, बाटली आडवी ठेवलीस तू."

"आठ महिने, माझ्या झोपायच्या बंकवर. लाटांत कलंडली असती ना."

"अरे, आडवी वाइन ठेवतात. ही कडक, बूच खाते."

वहिनीने धावत येऊन एक बोंबील त्यांच्या नाकाखाली धरला. "यो?"

"अजून ओला हाय. दोन दिवस ऊन दे."

वहिनी हसता हसता खालीच बसली. मला राहवेना. "म्हणजे पंचवीस वर्षांची दारू वाया! दादा, ओतू का मोरीत?"

दादांनी पेला छातीशी धरला.

"खराब हाय हे मला कळलं ना? मंग हिच्याहून चांगली मी जन्मात प्यायलो नाय."