उराबे काकांची सदतीस पाणमांजरं

इवाओ उराबे यांनी ओसाकाच्या बंदरात चौतीस वर्षं क्रेन चालवली. जमिनीपासून दहा मजले उंच काचेच्या खोलीत बसायचं, पायाखालच्या काचेतून वाकून बघायचं आणि तीस-तीस टनांचे कंटेनर जहाजातून उचलून ट्रकवर ठेवायचे. ठेवायचे तेही असे की ट्रकवाल्याच्या हातातला चहा हिंदकळू नये. बंदरात लहानथोर सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी मात्र ह्या उस्तादांची भर दुपारी अशी फजिती झाली की विचारू नका. आमची ओळख त्या फजितीमुळेच झाली.

झालं असं, की निरोपाचं जेवण आटोपल्यावर त्यांच्या हाताखालचे पाच-सहा जण त्यांना निप्पोनबाशीतल्या एका गेम सेंटरमध्ये घेऊन गेले. तिथे काचेची यंत्रं आहेत. नाणं टाकायचं, दोन बटणांनी वरचा पंजा हलवायचा आणि आतलं खेळणं उचलायचं. होरिउचि नावाचा त्यांचा मुकादम म्हणाला, "उस्ताद, चौतीस वर्षं लोकांचा माल उचललात. आज स्वतःसाठी काहीतरी उचला!"

आत कापसाची पाणमांजरं पडली होती. सगळी एकाच पात्राची, बोताकिची त्याचं नाव. उडत्या मासेमारी होडीच्या कार्टून मालिकेतला हा आचारी. गोल पोट, एकच जाड भुवई आणि चेहरा सदा चिडलेला. उस्तादांनी बाह्या सरसावल्या.

सव्वीस वेळा पंजा खाली गेला आणि सव्वीस वेळा रिकामा वर आला.

"अहो, ह्याचा पंजाच ढिला आहे! कुणी तेलपाणी बघतं की नाही?" उस्ताद ओरडले.

"तीस टन उचलणाऱ्याला तीनशे ग्रॅम उचलेना!" होरिउचि हसून हसून यंत्रावरच रेलला.

"तुमच्या हसण्याने हात हलतोय माझा. जा, ताकोयाकी खाऊन या सगळे. परत याल तेव्हा हा माझ्या काखेत असेल."

ते गेले. उस्तादांनी आणखी चार वेळा प्रयत्न केला, यंत्राला एक शिवी दिली आणि हवा खायला बाहेर आले. शेजारीच आमचं दुकान. मी तिथे अकरा वर्षं काम करते. मालिकांमधल्या पात्रांचे जुने बाहुले आम्ही विकत घेतो, तपासतो, दर्जा लावतो आणि विकतो. दारातल्याच टोपलीत, ढिगाच्या अगदी वर, एक बोताकिची आकाशाकडे बघत चिडलेला पडला होता. काका तिथेच थबकले.

"ताई, हा शेजारच्या यंत्रातलाच ना?"

"हो काका. कुणीतरी जिंकला, कुणीतरी कंटाळला, आमच्याकडे आला."

"म्हणजे वापरलेला?"

"डावा कान घासलाय, शेपटीवर सोयासॉसचा डाग आहे. म्हणून 'क' दर्जा."

काकांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "डाग लवकर दिसतो का?"

"शेपटी काखेत दाबलीत तर नाही दिसणार," मी म्हटलं. शेजारचा गोंधळ ऐकून मला तोवर सगळं कळलं होतं.

पाच मिनिटांनी बाहेर एकच जल्लोष झाला. मी काचेतून बघितलं, तर सहा धिप्पाड गडी एका टकल्या म्हाताऱ्याला हवेत उडवत होते आणि त्याने पाणमांजर छातीशी घट्ट धरलं होतं. शेपटी आत दाबून.

घरी त्यांच्या बायकोला एका नजरेत सगळं समजलं. सुमिए-सान घराच्या तळमजल्यावर केस कापायचं दुकान चालवतात. मुलगी मोठी होऊन नागोयाला गेली, तरी नवरा-बायको अजून एकमेकांना बाबा आणि आईच म्हणतात.

"बाबा, हे कुठून आणलंत?"

"जिंकलो."

"किमतीची चिठ्ठी पाठीला चिकटवून जिंकलात?"

आईने चिठ्ठी काढली, बाहुल्याचा वास घेतला आणि म्हणाली, "ह्याच्या आधीच्या घरात रोज करी शिजत असणार. धुवा आधी त्याला."

इथेच सगळं बिघडलं, किंवा सुधारलं म्हणा. काकांनी बादलीत कोमट पाणी घेतलं, केसांचा शाम्पू घातला आणि बोताकिचीला हलक्या हाताने दाबून दाबून धुतलं. धुताना पोटाखाली एक शिवण दिसली. मूळ धागा तपकिरी, ही शिवण मात्र लाल धाग्याची. पोट फाटल्यावर कुणीतरी घरी बसून, चष्मा लावून, बारीक टाके घातले होते. काका बराच वेळ ती शिवण बघत राहिले. मग गच्चीवर दोरीला त्याला दोन चिमट्यांनी लटकवलं आणि वारा सुटला तसे तीनदा वर जाऊन बघून आले.

आठवड्याभराने काका दुकानात हजर. "ताई, ह्याचे अजून प्रकार आहेत म्हणे?"

"एक्केचाळीस आहेत काका. कांदा चिरून रडणारा, अंघोळीच्या टोपीतला, पालथा झोपलेला, वाढदिवसाचा..."

"रडतो? हा रडतो?" काकांनी काउंटर धरलं. तोवर त्यांनी मालिकेचा एकही भाग बघितला नव्हता. त्या रात्री बघायला बसले ते चौथ्या दिवशी उठले, आणि उठले तेव्हा होडीवरच्या सगळ्यांची नावं, गावं आणि आवडीचे मासे त्यांना तोंडपाठ होते.

पुढची दोन वर्षं दर मंगळवारी, नवा माल लावायच्या दिवशी, शटर वर जायच्या आधी काकांचे बूट खालच्या फटीत दिसायचे. कोरे, पिशवीतले बाहुले आम्ही कपाटात ठेवतो. त्यांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. थेट टोपल्यांकडे. एकेक उचलायचे, वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे.

"हा धुपाच्या घरातला. आजीजवळ होता."

"ह्याचा एकच कान चपटा आहे, बघ. पोरगं उजव्या कुशीवर झोपायचं."

"ह्याच्या पायावर नाव लिहून खोडलंय. भावंडांची मारामारी! ताई, हा मला हवाच."

मी हसायचे, पण नंतर मलाही सवय लागली. माल आला की आधी नाकाशी धरायचा. आमचे मालक म्हणाले, "वाकाको, तू दर्जा लावतेस की सुवास?"

सुमिए-सान तोंडाने टोमणे मारत राहिल्या. "कपाटात माझा किमोनो होता, तिथे आता पाणमांजर झोपलंय." पण मारता मारता त्यांनी हातात कंगवा कधी घेतला ते त्यांनाच कळलं नाही. गुंता झालेली लव त्या गिऱ्हाइकांच्या बारीक दाताच्या कंगव्याने विंचरायच्या, वाफ द्यायच्या, भुवई कात्रीने सारखी करायच्या. त्यांच्या हातून गेलेला 'क' दर्जाचा बोताकिची लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा.

घोळ एकच होता. काका दर वेळी फोटो काढून बंदरातल्या मंडळींना पाठवायचे, आणि बंदरात सगळ्यांना वाटायचं की उस्ताद हे सगळे जिंकताहेत. छत्तिसावा आला तेव्हा तर नव्या पोरांना क्रेन शिकवताना होरिउचि त्यांचंच उदाहरण द्यायला लागला होता. मग शरद ऋतूत आमच्या बाजारपेठेने पंज्याची स्पर्धा जाहीर केली. भर चौकात यंत्र, प्रत्येकाला दहा संधी आणि आत रेनकोट घातलेला मोठा बोताकिची. होरिउचिने परस्पर उस्तादांचं नाव नोंदवलं.

काका दुकानात आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, तो रेनकोटवाला तुझ्याकडे येईल का? रविवारच्या आत?"

"काका, तो अजून कुणी जिंकलेलाच नाही, तर जुना कसा होईल?"

"मग मी आजारी पडतो."

"पडा," मागून सुमिए-सान म्हणाल्या. त्या बाहुल्यांची लव झाडायचा ब्रश घ्यायला आल्या होत्या. "मी होरिउचिला सांगते की उस्तादांना पाणमांजराची ॲलर्जी झाली."

रविवारी ऊन छान पडलं होतं. बंदरातले वीस-बावीस जण कपाळाला फडकी बांधून आले होते आणि एकाने चक्क ढोल आणला होता. निवेदकाने नाव पुकारलं, ढोल वाजला, काका यंत्रापुढे उभे राहिले. पहिली संधी गेली. दुसरी गेली. पाचव्याला पंजा बाहुल्याच्या टोपीवरून नुसता हात फिरवून आला. सातव्याला ढोल आपोआप थांबला.

काका वळले. "मी हे समोरून करूच शकत नाही!" त्यांचा आवाज चिरकला. "जन्मभर वरून बघितलंय! समोरून मला कळतच नाही तो किती आत आहे. आणि खाली उभं राहून खूण देणारा माणूस कुठे आहे? खुणेशिवाय मी आयुष्यात साधा दोरखंडसुद्धा उचललेला नाही!"

मग गर्दी सारत सुमिए-सान पुढे आल्या. ॲप्रन तसाच, खिशात कात्री. त्या यंत्राच्या बाजूच्या काचेशी जाऊन उभ्या राहिल्या आणि निवेदकाला म्हणाल्या, "बाजूला उभं राहू नये असं नियमात कुठे लिहिलंय?"

निवेदकाने कागद उलटा-सुलटा केला. "नाही लिहिलेलं, मावशी."

"मग चालू द्या. बाबा, माझ्याकडे बघा, त्याच्याकडे नको. लोकांचे केस दोन्ही बाजूंनी सारखे कापते मी. मला तिरकं लगेच दिसतं."

आठवी संधी. आईने तळहात हळू ओढला, ओढला, मग मूठ मिटली. बाबांनी बटण सोडलं. पंजा खाली गेला आणि बोताकिची एका कुशीवर कलंडला. नववी. "इतकं नको, बोटभर मागे!" तो आणखी सरकला, त्याच्या डोक्यावरची चिठ्ठीची दोरी वर आली. दहाव्या वेळी आईचा हात हवेत थांबला तसा काकांचा श्वासही थांबला. मूठ मिटली. पंज्याचं एक टोक त्या दोरीच्या फासात गेलं आणि ते भलंमोठं चिडकं पाणमांजर लटकत, गिरक्या घेत, रेनकोट फडकावत निघालं आणि धप्पकन खालच्या खोक्यात पडलं.

ढोलवाल्याने ढोल फोडायचाच बाकी ठेवला. होरिउचि रडत होता. काकांना पुन्हा हवेत उडवायला सगळे धावले, तेव्हा ते दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! हा पहिला आहे! पहिलाच! बाकीचे छत्तीस मी विकत घेतलेत, ह्या ताईच्या दुकानातून! जुने!"

सगळे माझ्याकडे वळले. मी काय करणार, वाकून नमस्कार केला.

"निवृत्तीच्या दिवशीचासुद्धा?" होरिउचिने विचारलं.

"त्याच्या शेपटीला डाग होता," काका म्हणाले.

होरिउचिने नाक पुसलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग आधी आईंना उडवूया." आणि खरोखरच सुमिए-सान, ॲप्रन आणि कात्रीसकट, चौकात तीनदा आकाशाकडे गेल्या. "केस विस्कटले!" एवढंच वरून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तो रेनकोटवाला घेऊन माझ्याकडे. चेहरा पडलेला. "ताई, ह्याला वासच नाही. नुसता प्लास्टिकचा. पोट कडक, कान ताठ. ह्याच्याशी काय बोलू मी?"

"मग विका. कोरा आहे, 'अ' दर्जा लागेल."

"स्वतः जिंकलेला विकू?" ते दुखावले. "आईने तोड काढलीय. तुला फक्त दाखवायला आणला."

ती तोड मी पुढच्या आठवड्यात बघितली. सुमिए-सानच्या दुकानात, वाट बघणाऱ्यांच्या बाकावर, बोताकिची बसवला होता आणि केस कापायला आलेली तीन पोरं त्याच्यावर उड्या मारत होती. सुमिए-सान आरशातून बघून म्हणाल्या, "मुरायला ठेवलाय. बाबांना कोरा चालत नाही ना."

परवा मंगळवारी शटर वर करताना बघितलं, तर फटीत बूट नव्हते. मी घाबरलेच. एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून काका धावत येताना दिसले, हात हलवत, धापा टाकत.

"ताई! रेनकोटचं बटण गेलं! आज सकाळी एका पोरीने चावून तोडलं!"

"अरे वा! आणि कान?"

"एक वाकलाय! आणि पोटावर चिकट काहीतरी आहे, बहुतेक जॅम!" त्यांनी माझे दोन्ही हात धरून मला दारातच गोल फिरवलं. टोपल्या अजून लावायच्या होत्या, पहिलं गिऱ्हाईक आ वासून बघत होतं, आणि आम्ही दोघं काही थांबलो नाही.