न थांबणारा दिवाकर

दिवाकर जेवाले बसला का पहिले दोन चमच्यानं ताट वाजवे. रिकामं ताट वाजवलं का घरातलं अन्न जाते, असं आमच्या रोहणा गावाकडं मानतात. मी पोळपाटावरून ओरडो, "काऊन रे, माह्या मेसले टाळं लावतं का?"

तो हासे. "मावशी, हात गरम करून राह्यलो. तू तवा गरम करतं का नाई?"

माही मेस सावंगीले, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापुढं, टिनाच्या छपरीत. माहे मालक वारले तवा पोरगी पोटात होती. वावर दिरानं घेतलं, मी पोळपाट घेऊन इकडं आली. रडाले टाइम नव्हता, कणिक भिजवा लागे. म्हणून मले दिवाकरचं समजे. तो दवाखान्यात लिफ्ट चालवे अन् लगनसराईत धुमाल पार्टीत, म्हंजे वरातीच्या बँडात, ड्रम वाजवे. गाडीवर भोंगे, पुढं वरात नाचे, मांगं हा. त्याची बायको पहिल्या बाळंतपणातच गेलती, लेकरूबी राह्यलं नाई. तवापासून पार्टीच त्याचं घर. बायकोचं बोले नाई. इतकंच म्हणे, "हात चालू असला का दिवस निंगते, मावशी."

एका दुपारी कोपऱ्यात जेवणारा अनिकेत मधातच थांबला. डॉक्टरी शिकणारा, नाशिकचा. दिवाकरचं ताट ऐकून राह्यलता. मंग त्यानं बोटानं टेबल वाजवून ठेक्याच्या मधल्या जागा भरल्या. दोघंही एकमेकाकडं पाहत नव्हते. वरण थंडं झालं.

"काका, तुम्ही ड्रम वाजवता?"

"वाजवतो ना गा. लगन आहे का तुह्यं?"

सारी मेस हासली.

अनिकेतजोळ गिटार होती. नर्सिंगची रिया गाये. ड्रमवाला काई टिके नाई, परीक्षा आली का पळे. त्याईले रॉक बँड करायचा होता. मी दिवाकरले इचारलं, हे काय असते? तो म्हणे, "धुमालच आहे मावशी, फक्त नवरदेव नसते."

दुपारी मेस खाली राहे, तवा तिघं माह्या छपरीतच वाजवत. मी लसूण सोलत ऐको. हे पार्टीच्या मास्तरच्या कानावर गेलं. तो मेसमधी येऊन सगळ्यापुढं बोलला, "या पोराइच्या संगं वाजवशीन तर पार्टीत जागा नाई तुले. डिगरी झाली का जातीन हे. मंग कोणाजोळ जाशीन?"

दिवाकर दोन दिवस जेवाले आला नाई. तिसऱ्या दिवशी आला अन् इचारलं, "काय करू वं मावशी?"

"मले गाण्यातलं समजत नाई. पन इथं वाजवतं तवा तुह्या तोंडावर तेज येते."

त्यानं पार्टी सोडली.

कॉलेजच्या गॅदरिंगले मी नवं लुगडं नेसून गेली. पहिलं गाणं झकास झालं. गाणं सरलं, रियानं माइक खाली घेतला, अनिकेतनं हात वर केला. अन् दिवाकर थांबेच ना! वीस सालाची सवय. वरात मांडवापाशी पोचल्याबिगर धुमालवाल्यानं हात थांबवायचाच नसते. डोळे मिटून बदाबद वाजवून राह्यला. पोरं हासाले लागले. मले वाटलं, तिकडची जागा गेली, आता इकडचीबी जाते.

रियानं मांगं पाह्यलं. मंग स्टेजवरच वरातीसारखी नाचाले लागली. अनिकेतनं गिटार त्याच ठेक्यावर घेतली. सारं मैदान उठलं. हासणारे पोरंच एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून नाचले.

दिवाकरनं डोळे उघडले. "सरलं होतं का बे?"

"सरलं होतं काका. थांबू नका आता!"

दोन सालानं डिगऱ्या झाल्या. मास्तरचं खरं होते का काय, असं मले वाटे. पन अनिकेत-रिया पुण्याले निंगाले ते तीन तिकिटं काढून. तिथल्या दवाखान्यात दिवाकरले काम पाहून ठेवलं होतं.

जातानी तो पाया पडला. "मावशी, पुण्याले येजो ऐकाले."

"पाहू. जाय, बस निंगन."

सांजीनं पोळ्या लाटल्या, सवयीनं त्याच्या वाट्याच्या चार जास्तच झाल्या. मीच खाल्ल्या. चांगल्या लागल्या.