मध्येच राहिलेले गुणसूत्र

परवा नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात कांद्याच्या मुळांचे प्रॅक्टिकल होते. तेव्हापासून मान वर करून चालवत नाही...

माझी पार्टनर वैशाली रोज मनमाडहून गाडीने येते. मुळे फुटलेला कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून तिने तो अख्खा प्रवास मांडीवर सांभाळत आणला होता. मूळ कापणे, रंगवणे, काचेखाली अंगठ्याने दाबणे... सगळे तिनेच केले.

मागच्या वेळी तिने माझ्या जर्नलवरून आकृती उतरवली होती, आणि मॅडमनी ती सर्वांसमोर परत केली होती. म्हणून या वेळी तिला स्वतः पाहूनच काढायची होती.

ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती, तोवर माझी आकृती पूर्णही झाली. पेशीविभाजनातली पश्चावस्था मला शाळेपासून पाठ आहे. गुणसूत्रे दुभंगतात आणि दोन्ही भाग दोरीने ओढल्यासारखे पेशीच्या दोन टोकांना जातात... त्यात पाहायचे काय?

वैशालीच्या आकृतीत मात्र एक गुणसूत्र मध्येच होते.

"हे चुकलंय. खोड," मी म्हणाले.

"अगं, पण दिसतंय ना ते!"

"पुस्तकात तसं नाहीये."

"मग कांद्याला आधी सांगायचं होतंस की," ती हसली... आणि तिने ते खोडले. कारण सांगणारी मी होते. माझे म्हणणे आमच्या वर्गात कुणी तपासून पाहत नाही.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. आमच्या स्लाइडवर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. "बाकीची पोहोचली, एक मागे राहिलंय बघा! असं सहज मिळत नाही गं. कुणी टिपलं?"

मग त्यांनी आमची जर्नल्स पाहिली. दोन अगदी सारख्या आकृत्या.

"वैशाली, परत हिचंच उतरवलंस?"

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या आकृतीकडे पाहत राहिले... तो जो क्षण मी गप्प राहिले, त्याचीच लाज सर्वांत जास्त वाटते.

शेवटी कसेबसे म्हणाले, "मॅडम, तिने काढलं होतं. मी खोडायला लावलं."

"काढ परत," मॅडम तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "आणि तू? एकदा तरी बघितलंस का?"

नव्हते बघितले.

मग बघितले. दोन्ही टोकांना गर्द लालसर झुबके, आणि मध्ये ते एकटे. माझ्या सांगण्याने त्याला काहीच फरक पडला नव्हता.

वैशालीला पडला होता. तरीही संध्याकाळी स्टेशनवर तिने तो पेला माझ्या हातात दिला. "घेऊन जा, हुशार. आता तूच कर, तुझ्या हातानं."

कांदा माझ्या टेबलावर आहे. नवी मुळे फुटत आहेत... पुस्तक मी अजून उघडलेले नाही.