नोव्हायमधली नारिंगी भिंत

सुनीतीचा फोन आला तेव्हा मी ॲन आर्बर गावाला जाणाऱ्या बसमध्ये होतो. "मिलिंद गेला," ती म्हणाली, "सकाळी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये..." मिलिंद तिचा नवरा, माझा मित्र; त्याआधीच्या रविवारीच मी त्याच्याशी भांडलो होतो.

मिलिंद आर्किटेक्ट, मूळचा नागपूरचा. हॉलंडमधल्या रॉटरडॅममध्ये सहा वर्षं काम करून २००४ साली सुनीतीच्या नोकरीसाठी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आला. तिकडे त्याने शाळा पिवळी केली होती, घरांच्या रांगा लाल आणि हिरव्या. स्वस्त बांधकाम झाकायला हे रंग लागतात, असं तिथले टीकाकार म्हणत. ज्या गावात आभाळ बहुतेक वर्षभर राखाडी असतं तिथे रंग ही चैन नाही, असं त्याचं उत्तर असे. पण लोकांचं तो ऐकून घेई. रंग ठरवण्याआधी दाराएवढा रंगवलेला तक्ता जागेवर उभा करायचा आणि ज्यांना तो रोज बघावा लागणार त्यांची दारं वाजवायची, ही त्याची पद्धत. नकार जास्त आले की तो रंग बदलत असे.

इथे तो दवाखाने आणि दुकानं आखत होता, सगळी बेज, फिक्या वाळूच्या रंगाची. स्वतःच्या घराची रस्त्याकडची भिंत तेवढी त्याने नारिंगी करायची ठरवली. वसाहतीच्या असोसिएशनकडे मंजुरीसाठी त्याने पोस्टाच्या तिकिटाएवढा नमुना पाठवला. तेवढ्याशा तुकड्यावर तो रंग सौम्य दिसला, मंजूर झाला. भिंतीवर मात्र तो पेटला. तक्रार गेली, आणि भिंत पुन्हा बेज करण्याची नोटीस आली.

त्या रविवारी मी म्हणालो, "तिकडे दारोदार विचारायचास. इथे फसवलंस."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, यार."

"तिकडचे हो म्हणणार हे तुला माहीत असायचं?"

तो म्हणाला, "जेवून जा." मी न जेवता निघालो.

पुढचं सुनीतीकडून कळलं. सोमवारी त्याने गराजमध्ये चार तक्ते रंगवले, नारिंगीच्या चार छटा, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात उभे केले. समोरचे गृहस्थ कार कारखान्यात गाड्या रंगवण्याच्या विभागातून निवृत्त झालेले; तक्रार त्यांचीच होती. ते रस्ता ओलांडून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "तिसरा दोन वर्षांत विटेल." मिलिंदने ते वहीत लिहून घेतलं. बुधवारपर्यंत पाच घरं विचारून झाली. गुरुवारी तो गेला.

असोसिएशनने सुनीतीला उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली आहे. घर विकायचं झालं तर बेजच सोयीचं. "मला तो रंग कधीच आवडला नाही," ती मला म्हणाली, "पण सोळा घरं राहिलीत. ती विचारल्याशिवाय भिंतीला ब्रश लावणार नाही."

गेल्या शनिवारी मी तिच्याबरोबर फिरलो. एका बाईंनी तोंडावर दार लावलं. सुनीतीने तेही लिहिलं. परत आल्यावर ती तक्त्यांपाशी थांबली आणि वही माझ्याकडे वळवून म्हणाली, "तुझं मत काय?" मी त्याच्या वागण्यावर बोललो होतो, भिंतीवर कधीच नाही. मी पहिल्या तक्त्यापासून चौथ्यापर्यंत गेलो, परत आलो... ती पेन धरून उभीच होती.