फिटरची धुराची भट्टी

फिटरीणबाईंना हे नाव गल्लीनं दिलं. नवरा कारखान्यात फिटर, म्हणून ह्या फिटरीण. ज्या कामावरून त्यांना स्वतःचं नाव पडायला हवं होतं, ते काम त्यांना कुणी करूच दिलं नाही. त्यांना खानावळ काढायची होती.

हाताला चव होती. शेजारची नर्स ड्यूटीवरून परतताना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उगाच चपलेचा पट्टा नीट करत उभी राहायची. कारखान्याच्या कँटीनचा ठेका निघाला तेव्हा मॅनेजर स्वतः घरी जेवायला आला. त्यानं दोन घास खाल्ले, मान डोलावली, आणि तो काही बोलणार एवढ्यात फिटरनं स्वतःचं ताट पुढे ढकललं. "साहेब, ही आमच्या घरची रोजची रड. फोडणी करपवते. मी नवरा आहे, मी गिळतो. कामगारांनी काय पाप केलंय?" मॅनेजर मोठ्यानं हसला. फिटरही हसला. ठेका दुसऱ्याच कुणाला मिळाला.

त्या दुपारी बाईंनी पातेल्यात उरलेला रस्सा बोटानं चाखून पाहिला. मग परत चाखला. करपल्याची चव काही लागेना. पण नवरा इतक्या ठामपणे बोलला होता की त्यांनी दोष आपल्याच जिभेला दिला. बायका असा दोष फार पटकन पत्करतात, आणि फिटरसारखे पुरुष तेवढ्यावर जन्म काढतात.

पुढे रोज तेच. फिटर पाटावर बसला की निकाल द्यायलाच बसायचा. पहिला घास, मग नाक मुरडणं, मग शेरा. "शिळा वास मारतोय." "मसाला कच्चाय." "करपवलंस ना आजही?" मिठाच्या बाबतीत मात्र त्याचं कधी चुकायचं नाही. चिमूटभर कमीजास्त झालं तरी पकडायचा, म्हणून बाकीचंही खरंच असणार असं बाई धरून चालल्या. वर धाकट्या जावेचं कौतुक होतंच. दिराकडे जेवून आलं की फिटर आठवडाभर तेच घोळवायचा. "धाकटीच्या नुसत्या डाळीचा वास घे. पोट भरतं." बाई ऐकून घ्यायच्या. जावेकडून त्यांनी डाळ शिकूनही घेतली, अगदी तिच्याच डब्यातली मोहरी आणून केली. फिटर म्हणाला, नक्कल केली की अशीच होते.

निवृत्तीनंतर फिटरला दिवस खायला उठला. एक दिवस मोबाइलवर त्यानं पाहिलं, कुठलासा माणूस मागच्या अंगणात लोखंडी भट्टी उभारून मटणाला तासन्‌तास धुरी देतोय आणि पाहुणे बोटं चाटतायत. "ह्यात काय एवढं?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भंगाराच्या वखारीत जाऊन बसला.

लोखंडातलं मात्र त्याला कळत होतं. गॅरेजमधून एक मोठा ड्रम आणला. त्यात गाड्यांचं काढलेलं जळकं तेल साठवत असत. तो आडवा धरून ग्राइंडरनं उभा कापला, वरच्या अर्ध्याला मोडक्या बसच्या दाराच्या बिजागऱ्या लावून झाकण केलं. बाजूला कॉम्प्रेसरच्या टाकीची चूल, म्हणजे जाळ एकीकडे आणि मटण दुसरीकडे, मधून नुसता धूर जाणार. ट्रकच्या सायलेन्सरचा पाइप धुराडं झाला, त्यात फिरती झडप बसली. मटण ठेवायची जाळी दवाखान्यातल्या मोडीत काढलेल्या खाटांच्या स्टीलच्या सळ्यांची. पायांसाठी काही मिळेना तेव्हा बाईंच्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड त्यानं न विचारता उचलला. बाई बाजारातून आल्या तर मशीन जमिनीवर आणि फिटर वेल्डिंगचा चष्मा लावून.

"अहो, माझं मशीन!"

"जमिनीवर बसून शिव. पाठ ताठ राहते."

ड्रममधलं तेल घालवायला त्यानं आत लाकडं पेटवली, रंग जळून पत्रा राखाडी निघाला, तारेच्या ब्रशनं घासल्यावर लखलखला. आतून हात फिरवला, विजेरी मारून पाहिलं. डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं, असा त्याचा हिशेब. पण ड्रमच्या तळाशी पत्रा दुमडून शिवण मारलेली असते. त्या घडीत तेल मुरून बसतं आणि तापलं की पाझरतं. कुठलाही गॅरेजवाला नाक लावून सांगेल की अजून दोनचार वेळा जाळ.

पाहुण्यांना बोलवायच्या आधी फिटरनं चाचणी घेतली. सकाळीच चूल पेटवली, आत मांडीचा एक तुकडा ठेवला, झाकण लावलं. थोड्याच वेळात धुराड्यातून जे बाहेर आलं त्यानं नर्सनं धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. गल्लीतली कुत्री मटणाच्या आशेनं कुंपणाशी जमली होती, ती शिंकत निघून गेली. बाईंनी पदर नाकाला लावला. गाडी बंद पडली की मेकॅनिकच्या अंगाला येतो तो वास. जळक्या तेलाचा, घशात बसणारा.

आणि फिटर धुराड्याशी तोंड नेऊन, डोळे मिटून, छाती भरून श्वास घेत होता.

"वा! आला ना वास? ह्याला म्हणतात धुरी."

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. नवरा खोटं बोलत नव्हता, थट्टाही करत नव्हता. त्यांना एकदम आठवलं, मागे गॅस रात्रभर गळत राहिला होता तेव्हा सकाळी हा त्याच खोलीत पेपर वाचत बसला होता. कोपऱ्यात उंदीर मरून पडला तेव्हा शोधला बाईंनीच. दर वेळी तो म्हणायचा, माझं लक्ष नव्हतं. कारखान्यात आम्लाच्या टाकीशी त्याला अपघात झाला होता, लग्नाच्याही आधी. आठवडाभर दवाखान्यात होता, एवढंच बाईंना ठाऊक होतं. वायू गळला तर आधी फिटरला कळलं पाहिजे, हा तिथला नियम. ज्याला वास येत नाही त्याला तिथं कोण ठेवणार?

त्या आत गेल्या आणि चहा टाकला. नुसता साखरेचा चहा. कप त्याच्या हातात देत त्यांनी विचारलं, "वेलची जास्त झाली का हो आज?"

फिटरनं घोट घेतला, नाक मुरडलं. "झालीच आहे. हात सैल तुझा. चहाय का काढा?"

बाई परत ओट्यापाशी आल्या. मॅनेजर आठवला, पुढे ढकललेलं ताट आठवलं, नवऱ्याचं ते हसणं आठवलं. सगळ्या आयुष्याचा निकाल ज्यानं दिला त्याला नाकच नव्हतं. स्वतःचं बिंग फुटू नये म्हणून हा माणूस रोज आपल्या जेवणावर थुंकत होता. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो असा थंड की चहाची भांडी त्यांनी नेहमीपेक्षा नीट विसळली.

ड्रमबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी फिटरनं भावाला आणि भावजयीला जेवायला बोलावलं, तेव्हाही बोलल्या नाहीत. उलट चांगलं ताजं मटण स्वतः निवडून आणलं, मसाला वाटून चोळून दिला. धूर सुरू झाल्यावर गल्ली ओस पडली. दीर दारातच थबकला. "दादा, काही जळतंय का रे?"

"जळत नाही, शिजतंय. बस तू."

फिटरनं स्वतःच्या हातानं कापून वाढलं. मटणाचा रंग झकास आला होता, बाहेरून तांबूस, कडा काळसर. चित्रातलं वाटावं असं. दिरानं मोठा घास घेतला आणि त्याचं चावणं थांबलं. त्यानं रुमाल काढला. जाऊ घास गालात धरून बसली, डोळ्यांत पाणी.

"काय? बोला की!" फिटर स्वतः भराभरा खात होता. "असं जन्मात खाल्लं नसेल."

"नाही खाल्लं," दीर म्हणाला. त्यानं घास रुमालात टाकला. "दादा, तेलाचा वास येतोय रे. गाडीच्या तेलाचा."

फिटरची मान सवयीनं बाईंकडे वळली. "मसाला हिनं वाटलाय. करपवला असणार."

"मसाला कच्चाच चोळलाय," बाई म्हणाल्या. "तो करपणार कसा? तुम्हाला वास येत नाही. कधीच येत नव्हता. परवा चहात वेलची नव्हती."

त्यांनी आवाज चढवला नाही. भात वाढू का, असं विचारावं तशा बोलल्या. फिटरनं भावाकडे पाहिलं, भावानं ताटाकडे.

पहिली बोलली ती जाऊ. "भाऊजी, म्हणजे माझी डाळ?"

इतकी वर्षं ती त्या कौतुकावर फुगली होती, माहेरीसुद्धा सांगायची. तिचं तोंड एवढंसं झालं आणि बाईंना तिची जराही कीव आली नाही. "डाळ काय, मीठ बरोबर असलं की झालं ह्यांना," त्या म्हणाल्या. पाहुणे हात धुऊन, न जेवताच गेले.

फिटर आठवडाभर बोलला नाही. जेवायला बसायचा, समोर येईल ते खायचा आणि उठायचा. शेरा नाही की काही नाही. मग एका सकाळी त्यानं ड्रम उलटा केला, शिवण छिन्नीनं उकलली, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुतली, पुन्हा वेल्डिंग केलं, पुन्हा जाळलं. दिवसचे दिवस तेच. हात सोलवटले, डोळे सुजले. कुणाला बोलवायची आता त्याला सोय नव्हती. भाऊ येत नव्हता, आणि परक्याला नाक लावायला सांगणं म्हणजे गावभर दवंडी. एका माणसाला तेवढं विचारता येत होतं.

त्यानं मटणाचा तुकडा धुरीत ठेवला, दुपारी ताटलीत घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ह्या दारात तो कधी काही मागायला आला नव्हता.

"जरा बघतेस का?" तो म्हणाला. "गेला का वास?"

बाईंनी ताटली हातात घेतली. वास गेला होता. नुसता गेला नव्हता, त्या जागी असा काही गोडसर, लाकडी, खमंग वास आला होता की त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. बाहेर नर्सची खिडकी उघडी होती. कुत्री कुंपणाला लागून बसली होती आणि ह्या खेपेला हलत नव्हती. त्यांनी कोपरा तोडून तोंडात टाकला. एवढं चांगलं मटण त्यांनी खरंच कधी खाल्लं नव्हतं.

फिटर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखा, काजळी लागलेल्या कपाळानं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "येतोय अजून."

"नक्की?"

"तुम्हाला खोटं सांगून मला काय मिळणार?"

त्यानं ताटली परत घेतली. कुंपणापाशी जाऊन सगळं मटण पलीकडे उपडं केलं. कुत्री तुटून पडली. त्याला ते दिसत होतं, पण भुकेल्या कुत्र्यांचा काय भरवसा, असं त्याला वाटलं असावं. त्यानं तारेचा ब्रश उचलला, गुडघे टेकले आणि कमरेपर्यंत ड्रममध्ये शिरला.

बाई दारात उभ्या राहून ब्रशची खरखर ऐकत होत्या. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तोंडात मटणाची चव होती, ती जाऊ नये म्हणून त्या पाणीही प्यायल्या नाहीत.