परातीतलं पाणी

सुभानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वड आहे. त्याखाली एक म्हातारी दातणं विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पाठीला इतका बाक आलाय, की गिऱ्हाइकांना ती चपलांवरूनच ओळखते. रोज सकाळी बाभळीच्या काड्या मांडायच्या आधी ती एक पितळी परात पाण्यानं काठोकाठ भरते आणि पाणी स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलत नाही.

वडाला लाल फळं धरली की हरियाल येतात. रानातली हिरवी कबुतरं ती, पिवळ्या पायांची. पानांत अशी मिसळतात, की झाडच शीळ घालतंय असं वाटावं.

एकदा मला शहाणपणा सुचला. म्हटलं, "मासी, हे पक्षी फळांवरच भागवतात. पाणी प्यायला सहसा खाली येत नाहीत. तुम्ही उगाच परात भरता."

"खबर छे, बेन," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. पाणी त्यांच्यासाठी नाहीच. माझी मान वर होत नाही, म्हणून मी त्यांना खाली बोलावते."

मी चपला काढून तिच्या शेजारी बसले. परातीत अख्खा वड उलटा पसरला होता. बराच वेळ नुसती पानंच दिसली. मग एक पान हळूच सरकलं. त्याला पिवळे पाय होते.

खात्री करायला मी वर पाहिलं. तिथे फक्त पानं होती.

"वर कशाला बघतेस?" ती म्हणाली. "इथे आहेत ना."